शून्याची रेघ

१ ऑगस्ट २०२५, शुक्रवार

मी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू, सालवार:

सायकलच्या डायनामोवर चालणारा रेडिओ, १९८८. काजू फोडायचं पायाचं यंत्र, १९९४. आरोंद्यातल्या सहा घरांत ते आजही चालतं. मोडीत गेलेल्या रिक्षाच्या इंजिनाचा पंप, १९९९. धक्क्यावरचा मोजखांब, त्याची पट्टी आणि भोंगा, नोव्हेंबर २००४. बायकोच्या, मथुरेच्या विळीचं पातं, २००७. अजून धार मागितलेली नाही. आणि ही वही. पुठ्ठा, कापड, खळ, शिवण, सगळं माझं.

लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, तेवढा राहिला. लेथ करायला आधी लेथ लागतो.

दहावीला दोनदा नापास झालो, दोन्ही वेळा इंग्रजीत. गणितात एकदाही नाही. लिहून ठेवलेलं बरं, कारण गावात उलटं सांगतात.

आकड्यांसाठी माझ्या वेगळ्या वह्या आहेत, बेचाळीस. खाडीचं पाणी भरतीला किती, ओहोटीला किती, रोज, गेली वीस वर्षं नऊ महिने. लोक एकवीस वर्षं म्हणतात. मी म्हणत नाही. ही वही आकड्यांत न बसणाऱ्या गोष्टींसाठी. ती आजच का सुरू केली ते सांगतो.

आमचं खाजण, म्हणजे खाडीच्या पातळीखालची भातशेती, एका मातीच्या बांधाच्या आड जगतं. बांधाला एक दार आहे. रोजच्या भरतीला त्याची झडप आपोआप मिटते. उधाणाला मात्र वरच्या तीन फळ्या हाताने खाचेत घालाव्या लागतात. रात्रीसाठी त्या संध्याकाळीच घालतात. दिवसा शेवटपर्यंत थांबतात. लवकर घातल्या तर पावसाचं पाणी आत तुंबून भात कुजतं. उशीर झाला तर खारं पाणी शिरतं आणि जमीन दोन-तीन वर्षं रुसते. नेमकं केव्हा घालायच्या ते माझा भोंगा सांगतो. पाणी खांबावरच्या शून्याच्या रेघेपासून ब्याण्णव सेंटीमीटर वर आलं की तो वाजतो. दारात पाणी चढायला तिथून पुढे पाच सेंटीमीटरची सवड मी ठेवली आहे.

पुण्याच्या एका कंपनीला खाड्यांची पातळी मोजायचं काम मिळालंय. त्यांची तन्वी नावाची इंजिनियर मुलगी आज आली आणि पुलाखाली एक पांढरा डबा लावून गेली. त्याला पट्टी नाही, तरंगता गोळा नाही. वरून लहरी सोडतो आणि त्या परत यायला किती वेळ लागला त्यावरून पाणी मोजतो. चाळीस मिनिटांत काम झालं. मला खांब उभा करायला चार महिने लागले होते. सप्टेंबरपासून फळ्या केव्हा घालायच्या ते दाराच्या उंबऱ्यापासून तीच पाच सेंटीमीटरची सवड धरून हा डबा प्रत्येकाच्या फोनवर सांगणार. पुढे तो उद्याचं आणि परवाचंही सांगेल, पण त्यासाठी कॉम्प्युटरला आधी ही खाडी शिकवावी लागते. आणि या खाडीच्या जुन्या नोंदी जगात एकाच माणसाकडे आहेत.

ती मला काका म्हणाली. मी म्हटलं, भाई म्हण. सगळे भाईच म्हणतात.

८ ऑगस्ट, शुक्रवार. नारळी पौर्णिमा

सकाळी सहाची ओहोटी. रिवाजाप्रमाणे धक्क्याचे सगळे खांब खरवडले. वर्षभरात त्यांच्यावर कालवं चढतात, ती कोयत्याने काढायची, लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल द्यायचं, मग चुना. माझ्या मोजखांबालाही तोच मान. त्याची पट्टी आणि भोंग्याची तार मी दर वर्षी याच दिवशी उतरवतो, घासतो, आणि शून्याची रेघ नव्याने रंगवून झाली की पट्टीचा शून्य त्या रेघेवर बसवून पुन्हा आवळतो.

रेघ मथुरा ओढते. तिचा हात रांगोळीचा आहे. ब्रश टेकवताना ती आपल्याशीच म्हणाली, "खालचो रंग कालवांवांगडा खरवडून जाता. वयलो उरता, तेच्यावर वडूक लागता." मी म्हटलं, सरळ ओढ म्हणजे झालं. तिने ओढली. सरळ होती.

तन्वी मुद्दाम बघायला आली होती. मला विचारलं, "भाई, ही रेघ कशावरून ओढता?" मी म्हटलं, जुन्या रेघेवरून. "दर वर्षी?" मी म्हटलं, दर वर्षी. तिने फोनमध्ये काहीतरी टिपून घेतलं. आपल्या रिवाजाचं तिला कौतुक वाटलं असावं.

दुपारी भरतीला दाजीने नारळ सोडला. दाजी म्हणजे बांधाच्या दाराचा राखणदार. बहात्तर वर्षांचा, आणि दाराला लागून असलेला पहिला कुणगा, भाताचा तुकडा, त्याचाच, म्हणजे खारं पाणी शिरलं तर आधी त्याचं भात जातं. नारळ सोडून झाल्यावर त्याने तन्वीला विचारलं, "चेडवा, तुज्या डब्याक नारळ खंय फोडूचो?" ती हसली. मीही हसलो.

१३ ऑगस्ट, बुधवार

चार दिवस तन्वी माझ्या वर्कशॉपमध्ये बसून वह्यांच्या पानांचे फोटो काढतेय. पान उलटायला बोटाला थुंकी लावत नाही, हे मी पाहिलं.

मी तिला विचारलं, तुझा कॉम्प्युटर शिकतो म्हणजे काय करतो. ती म्हणाली, आधी अंदाज करतो, मग किती चुकला ते बघतो, स्वतःला थोडं वळवतो आणि पुन्हा अंदाज करतो. असं लाखो वेळा. म्हटलं, मग तो माझ्यासारखाच शिकला. फक्त मार खाल्ला नाही.

तिला २०१९ ची गोष्ट सांगितली. तेव्हा ग्रामसभेत बांध दोन फूट उंच करायचा ठराव आला होता. समुद्र वाढतोय, असं कुणी पेपरात वाचून आलं होतं. मी वह्या घेऊन उभा राहिलो. पंधरा वर्षांच्या सरासऱ्या वाचून दाखवल्या. पाणी वाढलेलं नाही, उलट दीड सेंटीमीटर उतरलंय. ठराव पडला.

तन्वी म्हणाली, "उतरलंय?"

मी म्हटलं, दीड सेंटीमीटर. तिने ती वही पुन्हा मागून घेतली.

२७ ऑगस्ट, बुधवार

नोंदी दोन्ही वेळच्या घेतल्या. बाकी दिवस गणपतीचा.

२ सप्टेंबर, मंगळवार

तन्वी आली ती लॅपटॉप उघडूनच. मथुरेने घावने पुढे ठेवले, तिने हात लावला नाही. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

तिने माझ्या सगळ्या नोंदी गोव्याच्या बंदरातल्या नोंदींशी जुळवून पाहिल्या. दोन्हींतला फरक स्क्रीनवरच्या आलेखात एका रेघेने दाखवला. रेघ आडवी राहायला हवी होती. ती जिन्यासारखी उतरते. दर ऑगस्टमध्ये एक पायरी, साधारण अर्ध्या सेंटीमीटरची.

ती म्हणाली, "भाई, पाणी उतरलेलं नाही. तुमचा शून्य वर सरकतोय."

मी तिला बरंच बोललो. सगळं लिहीत नाही. वीस वर्षं पावसापाण्यात उभं राहून घेतलेल्या नोंदी, आणि चाळीस मिनिटांत लटकवलेला डबा, असं काहीसं. ती म्हणाली, हे तिने शोधलेलं नाही, कॉम्प्युटरला दिसलं, आणि कॉम्प्युटरलाही कारण ठाऊक नाही. शिवाय दोन वर्षांत पायरीच नाही, २०११ आणि २०२०. त्यामुळे तिच्या ऑफिसात म्हणतात, कॉम्प्युटरच गडबडला असेल.

मीही तेच म्हटलं. गडबडला असेल.

ती गेल्यावर घावने मी खाल्ले. थंड झाले होते.

३ सप्टेंबर, बुधवार

२०११ साली बाबा गेले. आम्हाला सुतक होतं. त्या वर्षी मोजखांब खरवडला नाही, रेघ रंगवली नाही. २०२० साली लॉकडाऊन, धक्क्यावर जायलाच बंदी. तेव्हाही नाही.

हे मला पहाटे चहा पिताना आठवलं. कप खाली ठेवला.

पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं आहे: देवळाच्या खालच्या पायरीवर छिन्नीने फुली कोरली. फुली ते शून्याची रेघ, उभं अंतर १८७.० सें.मी. हे करून ठेवायची अक्कल मला २००४ साली होती. ते पुन्हा मोजून बघायची अक्कल मात्र वीस वर्षांत झाली नाही.

दुपारी दोन वीसची ओहोटी. गवंडी वापरतात ती पाणनळी घेऊन गेलो. पारदर्शक नळीत पाणी भरलं की दोन्ही टोकांची पातळी एकच राहते, त्यात लबाडी नाही. मथुरेने देवळाकडचं टोक धरलं. तीनदा मोजलं.

१७६.४. १७६.४. १७६.३.

रेघ १०.६ सेंटीमीटर वर चढली आहे. एकोणीस वेळा रंगवली, म्हणजे दर वेळी साडेपाच मिलिमीटर. ब्रशची रेघ इंचभर रुंद. खालच्या अंगाला कालवं जास्त, तो रंग खरवडताना जातो. उरलेल्या वरच्या रंगावर नवी रेघ.

८ ऑगस्टचं पान उलटून पाहिलं. मथुरेचं वाक्य मीच लिहून ठेवलंय, जसंच्या तसं. तिला दाखवलं. ती म्हणाली, "दर वर्सा सांगतंय मी. तुमी म्हणतास, सरळ वड."

म्हणजे पाणी वाढतच होतं आणि माझा शून्य त्याच्याहून जरा जास्त चढत होता. म्हणजे २०१९ चा ठराव मी पाडला तो चुकीच्या आकड्यावर. म्हणजे भोंगा उशिरा वाजतो.

५ सप्टेंबर, शुक्रवार

दाजीला डोळ्याच्या ऑपरेशनला नेलं. आठवडाभर उन्हात यायचं नाही. दाराचं काम त्याची सून वर्षाली बघणार. ती संध्याकाळी अंगणात आली, बसली नाही.

"भाईकाकानू, मामंजी नसताना हा पयलाच उधाण. फोन एक सांगतलो आणि तुमचो भोंगो एक. मी कोणाचा आयकू?"

मी म्हटलं, "भोंगो वाजलो की घाल."

हे बोललो तेव्हा १०.६ हा आकडा मला दोन दिवस ठाऊक होता.

मनात असं होतं की उद्या ओहोटीला पट्टी गुपचूप खाली घेईन. मग भोंगा वेळेवर वाजेल, वर्षालीचं भात वाचेल आणि कुणाला काही कळायचं कारण नाही. ती गेल्यावर मथुरा बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मी पान्हे पुसत बसलो.

६ सप्टेंबर, शनिवार

चार पन्नासची ओहोटी. पान्हे घेऊन गेलो. धक्क्यावर सात-आठ माणसं आधीच होती. उद्या डबा आणि भोंगा यांची परीक्षा बघायची म्हणून जागा हेरायला आलेली. एकाने विचारलं, "काय रे भाई, भोंग्याक तेल घालतंस काय? उद्या कुस्ती आसा."

मी म्हटलं, गंज बघायला आलोय. खांबाभोवती एक फेरी मारली आणि परत आलो.

पट्टी तशीच आहे.

७ सप्टेंबर, रविवार. पौर्णिमा

नीट क्रमाने लिहितो.

दहा वाजता धक्क्यावर चाळीसेक माणसं. तन्वी आणि तिचा पुण्याचा साहेब कौस्तुभ, तिशीतला, हातात छत्री. वर्षाली शंभर पावलांवर बांधाच्या दाराशी, पहिली फळी उभी धरून. मी मोजखांबापाशी.

दहा चव्वेचाळीसला सगळ्यांच्या खिशातले फोन वाजले. डबा म्हणत होता, फळ्या घाला. माझा भोंगा गप्प. कुणीतरी म्हणालं, "डबो घाबारलो." हशा झाला. माणसं माझ्याकडे बघून हसत होती, म्हणजे माझ्या बाजूने.

पट्टी बघितली. ८१.४. त्यात १०.६ मिळवले की ९२.०. डबा मिलिमीटरला बरोबर होता.

वर्षाली तिच्या फोनकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

मला काय करायचं ते ठाऊक होतं. फक्त तोंड उघडायचं होतं. मी पट्टी बघत राहिलो. ८२. ८३. ८४ आणि वर. तन्वी दोन पावलं पुढे आली, काही बोलली नाही, आणि ती बोलली नाही हे मी तिचं देणं लागतो. ८६ ला पाच सेंटीमीटरची सवड संपत आली तेव्हा दाराच्या उंबऱ्यावर पाणी चमकताना मला दिसलं.

दहा त्रेपन्नला मी ओरडलो, "वर्षाली, फळयो घाल."

"भोंगो खंय वाजलो?"

"भोंगो चुकीचो आसा. घाल."

तिने घातल्या. तिन्ही बसवायला चार मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात पाणी उंबऱ्यावरून आत गेलं, पायाच्या घोट्याएवढंही नाही, पण गेलं.

दार बंद होतं आणि पाणी वर चढत होतं. अकरा वाजून तीन मिनिटांनी माझा भोंगा वाजला. तो दीड मिनिट वाजतो. बंद करायचं बटण माझ्या हाताशी होतं. मी ते दाबलं नाही. सगळ्यांनी पुरता ऐकला.

८ सप्टेंबर, सोमवार

पट्टी उतरवली. फुलीपासून १८७.० मोजून खडकात पोलादी खिळा ठोकला आणि पट्टीचा शून्य त्या खिळ्यावर आणला. दिवसाढवळ्या. विचारणाऱ्या प्रत्येकाला कारण सांगितलं. पहिल्या दोघांना सांगताना त्रास झाला, पुढे पाठ झालं.

१४ सप्टेंबर, रविवार

दाजीला भेटायला गेलो. काळा चष्मा लावून ओसरीवर बसला होता. मी नळीच्या मोजमापासकट सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भोंगो उशिरा वाजता, ता माका ठावक आसा."

मी विचारलं, केव्हापासून.

"बारा वर्सा झाली असतली. तिवराच्या तिसऱ्या मुळाक पाणी लागला की मी फळयो घालतंय. मगे थयच बसान बिडी ओढतंय. तुजो भोंगो वाजलो की घराकडे जातंय."

"मगे माका सांगलंस कित्याक नाय?"

"सांगला असता तर तू पाणनळी घेवन इलो असतंस, आणि माका टोक धरून दोन तास उभो करून ठेवलो असतंस." मग म्हणाला, "पण वर्षालीक तिवराचा सांगूक इसारलंय. ता माझा चुकला."

मी त्याला समजावलं की तिवराचं मूळ दर वर्षी वाढतं, चिखलही बसतो, तेव्हा ते माप म्हणून धरता येत नाही. तो हो म्हणाला.

येताना वाटेत विचार केला. बारा वर्षं माझा भोंगा फक्त एका म्हाताऱ्याला घरी जायची वेळ सांगत होता. त्याने बिडी संपल्यावरही तो वाजेपर्यंत का थांबावं, हे मला अजून नीट उमगलेलं नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

दाजीच्या पहिल्या कुणग्यात दाराजवळच्या लोंब्या पांढऱ्या पडल्या. दाणा भरणार नाही. पावलांनी मोजलं: लांबी अकरा, रुंदी सात. भोंग्याच्या भरवशावर राहिलो असतो तर सगळं खाजण गेलं असतं, असं वर्षाली म्हणाली. ते खरं आहे. पण फोन वाजल्यापासून माझं तोंड उघडेपर्यंत नऊ मिनिटं गेली, हेही खरं आहे. अकरा बाय सात ही त्या नऊ मिनिटांची नोंद.

या जागेचं भात मी माझ्या वरच्या कुणग्यातून दाजीला देणार. वर्षाली नको म्हणाली. मी म्हटलं, ते तुझ्यासाठी नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

काल अमावास्येचं उधाण. डबा आणि भोंगा एकाच मिनिटाला वाजले. बघायला कोणी आलं नव्हतं. वर्षाली होती, आणि दाजी चष्मा लावून, तिवराकडे तोंड करून.

२९ सप्टेंबर, सोमवार

कौस्तुभ घरी आला. सोबत छापील कागद. बोलायला गोड आहे, पाया पडला.

कंपनीला माझ्या बेचाळीस वह्या हव्या आहेत, मूळ वह्या, कायमच्या. या खाडीवर शिकलेला कॉम्प्युटर ते इतर खाड्यांवरही नेणार आहेत, इथून केरळपर्यंत. पुस्तिकेत माझा फोटो छापणार. गावाला दोन वर्षं सूचना फुकट, नंतर वर्गणी. मी एका वाक्याखाली सही करायची: सदर नोंदी अखंड असून एकाच शून्यावरून घेतलेल्या आहेत.

मी म्हटलं, हे खोटं आहे.

तो म्हणाला, "होतं. आता नाही. कॉम्प्युटरने तो फरक काढून टाकलाय. आकडे बरोबर आहेत, मग सही खोटी कशी?"

तो चुकीचं बोलत नव्हता. आकडे खरंच बरोबर आहेत. मी स्वतः काही पानं पडताळली. त्याने वर्कशॉपमध्ये नजर फिरवली आणि म्हणाला, यात तुमचा लेथ येईल, भाई, आणि वर उरेल. लेथचं त्याला तन्वीने सांगितलं असणार. चहा ठेवताना मथुरेचाही हात थांबला, ते मी पाहिलं.

फक्त एक गोष्ट, तो म्हणाला. गुरुवारच्या ग्रामसभेत या शून्याचा विषय नको. ही गोष्ट गावात फिरली तर इतर खाड्यांवरचे लोकही आपापल्या नोंदींबद्दल विचारतील.

तीन दिवसांत कळवतो म्हटलं.

१ ऑक्टोबर, बुधवार

तन्वीचा फोन. तिच्या अहवालात एकोणीस पायऱ्यांचं पान होतं, सुतक आणि लॉकडाऊनच्या टिपेसकट. ते पान काढलं गेलंय. ती म्हणाली, मी फक्त तुम्हाला सांगतेय, भाई, तुम्ही काय करायचं ते सांगत नाहीये.

दिवसभर एका शाफ्टला पॉलिश करत बसलो. गिऱ्हाइकाने पॉलिश मागितलं नव्हतं.

कॉम्प्युटरला चूक दिसली पण कारण कळलं नाही. मला कारण ठाऊक होतं, म्हणजे माझ्या घरात ठाऊक होतं, पण चूक दिसली नाही. दोन्ही एका पानावर आलं तेव्हाच काहीतरी कळलं. आता तेच पान काढायचं. प्रत्येक खाडीवर कुठे ना कुठे कोणी खांब खरवडत असेल, चुना लावत असेल, कोणी आपल्याशीच पुटपुटत असेल आणि कोणी म्हणत असेल, सरळ ओढ. दुरुस्ती दिसली नाही तर त्यांनी चूक शोधायची कशी?

मथुरेला विचारलं, काय करू. ती म्हणाली, "माका विचारतास? एकवीस वर्सांत पयल्यांदा." मग म्हणाली, लेथ नसताना पातं केलंत ना.

२ ऑक्टोबर, गुरुवार. ग्रामसभा

सहा विषय होते. सातव्याला, ऐन वेळच्या विषयात, मी उभा राहिलो. २०१९ साली जिथे उभा होतो तिथेच. तेव्हा वाचलेले आकडे मागे घेतो म्हणून सांगितलं. किती चुकले, का चुकले, खरे आकडे काय, तीन मिनिटांत वाचलं. बांधाचा ठराव पुन्हा मांडावा अशी विनंती केली. अनुमोदन दाजीने दिलं.

मागून एकजण म्हणाला, "मगे भाई, दहावी गणितातच नापास झाललंस ना?" लोक हसले. मी कागद घडी घालून खिशात ठेवला.

ठराव मंजूर. दोन फूट.

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागरी

पहिल्या वहीला आज एक पान शिवलं, मूळ पहिल्या पानाच्याही आधी. त्यावर असं लिहिलं:

या वह्यांतला शून्य ऑगस्ट २००५ ते ऑगस्ट २०२५ या काळात एकोणीस वेळा वर सरकला आहे. एकूण १०.६ सें.मी. वर्षवार तक्ता मागे. कारण, रेघ रंगवण्याची पद्धत. चूक शोधणारे, तन्वी आणि तिचा कॉम्प्युटर. जबाबदार, मी.

मथुरा पलीकडे उभी राहून वाचत होती. म्हणाली, "माझा नाव खंय आसा? रेघ मी वडलंय."

मी म्हटलं, तुला दोष कशाला लागू देऊ.

ती म्हणाली, दोषाचं कोण बोलतंय.

बेचाळीस वह्या चाळल्या. तिचं नाव एकाही पानावर नाही. लिहिलं: रेघ काढणारी, मथुरा. हे कारण तिने दर वर्षी सांगितलं होतं. तिने ते दोनदा वाचलं आणि विळीकडे गेली.

पानाची एक प्रत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, एक तन्वीला. वह्यांचे फोटो तिच्याकडे आहेतच; जो हे पान पहिलं लावणार असेल त्याने ते खुशाल वापरावेत, फुकट, असं लिहून दिलं. मूळ वह्या माझ्या कपाटात राहतील. आजची भरती बारा वाजून आठ मिनिटांनी, नव्या शून्यावर १०४.३.

राहिली एक नोंद. नाकारलेला प्रस्ताव: बेचाळीस मूळ वह्या, त्यांचे सगळे हक्क, आणि सदर नोंदी एकाच शून्यावरून घेतल्या आहेत या वाक्याखाली एक सही. रक्कम, एकरकमी, रुपये चार लाख पंच्याऐंशी हजार.